शाईचा डाग

व्हर्सायच्या विवाह-नोंदवहीतलं एक पान मी पहिल्यांदा छायाचित्रात पाहिलं, तेव्हा त्यावरचा मजकूर मला वाचता येत नव्हता. सह्या मात्र दिसत होत्या. वर राजाची, पंधराव्या लुईची. त्याखाली त्याच्या नातवाची, म्हणजे नवऱ्यामुलाची. आणि त्याखाली नवरीची: मारी आंत्वानेत जोसेफा जान. सुरुवातीची अक्षरं कशीबशी ओळीत आहेत. पुढे ओळ खाली घसरत जाते, आणि मध्येच शाईचा डाग पडलेला आहे. तारीख १६ मे १७७०. नवरीचं वय १४, नवऱ्याचं १५.

फ्रान्सच्या राज्यक्रांतीत जिचं डोकं उडवलं, ती उधळी राणी, एवढीच मला शाळेपासून ती ठाऊक होती. त्या डागापाशी मात्र मी थांबले.

लग्नात माझंही नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, टाळ्या वाजल्या. महिनाभराने पोस्टात खातं उघडताना त्या नावाने सही करायची वेळ आली आणि हात अडला. जुन्या वहीच्या मागच्या पानावर ते नाव मी कितीदा तरी गिरवलं होतं, तरी खिडकीशी उभी राहिले तर अक्षर दुसऱ्याच कुणाचं वाटलं. मी २० वर्षांची होते आणि साताऱ्याहून नागपूरला आले होते, एवढंच. ती व्हिएन्नाहून आली होती. मारिया अंतोनियाची मारी आंत्वानेत झाली होती, आणि त्या पानावर सगळा दरबार तिच्या बोटांकडे पाहत होता.

लिहिण्याची तिला पहिल्यापासून धास्ती होती. सम्राज्ञी मारिया तेरेझियाच्या १६ अपत्यांतली ती १५ वी. २ नोव्हेंबर १७५५ चा जन्म. इतक्या लेकरांत धाकट्या लेकीच्या अभ्यासाकडे कोण बघणार? पुढे तिच्या खास सेविका झालेल्या मादाम कांपाँ यांनी आठवणींत लिहिलंय की तिची शिक्षिका पेन्सिलीने मजकूर लिहून द्यायची आणि मुलगी त्यावर शाई फिरवायची. सम्राज्ञीला वाटायचं, लेकीचं अक्षर सुधारतंय. फ्रान्सशी सोयरीक ठरू लागल्यावर घाई झाली. पॅरिसहून आबे व्हेर्माँ शिकवायला आले, फ्रेंच दंतवैद्य दात सरळ करायला आला. ऑस्ट्रिया आणि फ्रान्स पिढ्यानपिढ्यांचे वैरी. १७५६ मध्ये त्यांनी तह केला होता, आणि तो टिकवायला एक मुलगी द्यायची होती. आपल्याकडे कितीतरी तह असेच झालेत. बखरींत त्या मुलींच्या वाट्याला एखादी ओळ येते.

१९ एप्रिलला व्हिएन्नात लग्न लागलं, तेही नवऱ्याविना. त्याच्या जागी तिचाच भाऊ उभा राहिला. दोन दिवसांनी पाठवणी. स्ट्रासबर्गजवळ ऱ्हाइनमधल्या एका बेटावर खास लाकडी मंडप उभारला होता. एका दाराने ऑस्ट्रियाची मुलगी आत जाणार आणि दुसऱ्या दाराने फ्रान्सची सून बाहेर येणार. बरोबरची माणसं तिथूनच परत. मंडपाच्या भिंतींवर जेसन आणि मेडियाच्या लग्नाचं चित्र विणलेले पडदे होते. ही ग्रीक पुराणातली मेडिया पोटची पोरं मारणारी. तेव्हा स्ट्रासबर्गला शिकत असलेला जर्मन कवी, तरुण गटे ते पाहून संतापला होता: नव्या नवरीच्या स्वागताला हे चित्र? दुसऱ्या दिवशी स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलमध्ये तिचं स्वागत केलं लुई द रोहाँ या तरुण धर्मगुरूने. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

लग्नाच्या आनंदात ३० मे रोजी पॅरिसच्या पंधराव्या लुईच्या चौकात आतषबाजी झाली. चेंगराचेंगरीत १३२ माणसं गेली. पुढे त्या चौकाचं नाव क्रांतीचा चौक झालं, आणि १७९३ मध्ये हीच मुलगी उघड्या गाडीतून, हात मागे बांधलेले, केस कापलेले, तिथे आणली गेली. आता तिथे वाहनांची रीघ असते. माझ्या मुलीकडे गेले होते तेव्हा तिथल्या कारंज्याशी मी बराच वेळ बसले. पोरं आइस्क्रीम खात होती. मला आतषबाजीत गेलेल्यांचीच आठवण येत राहिली. त्यांची नावं कुणी सांगत नाही.

सासरी निघताना आईने तिला एक लिखित नियमावली दिली होती आणि ती दर महिन्याच्या २१ तारखेला वाचायची, असं बजावलं होतं. सकाळी उठल्यावर गुडघे टेकून प्रार्थना कर, विचारल्याशिवाय पुस्तक वाचू नकोस, कुणाची शिफारस करू नकोस. शिवाय महिन्याला टपाल. ‘माझी पत्रं फाडून टाक, म्हणजे मला मोकळेपणाने लिहिता येईल,’ असंही आईने कळवलं होतं. लेकीला ठाऊक नव्हतं ते हे, की ऑस्ट्रियाचा राजदूत मर्सी तिच्या बित्तंबातम्या गुपचूप व्हिएन्नाला पोचवतो, त्यासाठी त्याने तिच्या नोकरचाकरांतली माणसं लावलीत. घोड्यावर किती बसली, रात्री किती वाजता झोपली, कुणाशी बोलली नाही, सगळं. इतक्या लांबून आईला सगळं कसं कळतं, याचं तिला नवल वाटत राही.

माझ्या आईची निळी आंतर्देशीय पत्रं माझ्याकडे अजून आहेत. मायना ठरलेला: चि. सौ. हिस अनेक उत्तम आशीर्वाद. मग सूचना. सासूबाईंच्या आधी उठत जा, परकर दोरीवर आतल्या बाजूला वाळत घाल, मोठ्याने हसू नकोस. पत्र आधी सासऱ्यांच्या हातात पडायचं, ते कात्रीने नीट कडा कापून वाचायचे आणि मग माझ्याकडे द्यायचे. आईला ते माहीत होतं. म्हणून खरं काय ते ती आडून लिहायची. ‘मोगऱ्याला यंदा कळ्या कमी’ म्हणजे तिची तब्येत बरी नाही. मी उत्तरात लिहायचे, ‘मोगऱ्याला पाणी घालत जा.’ या एका वाक्यासाठी बाकीचं पत्र लिहिलेलं असायचं. त्यामुळे मारिया तेरेझियाची पत्रं वाचताना मी सारखी मोगऱ्याची ओळ शोधत राहते, आणि ती मला फार क्वचित सापडते. तिला लेकीची काळजी होती यात शंका नाही. पण त्या काळजीत तह, वारस आणि ऑस्ट्रियाचं हित असं मिसळलेलं आहे की वेगळं काढता येत नाही.

१० मे १७७४ ला पंधरावा लुई देवीने गेला आणि १८ व्या वर्षी ती राणी झाली. पुढच्या वर्षी आईने केसांवरून कानउघाडणी केली: ऐकते आहे की केशरचना मुळापासून ३६ इंच उंच आणि वर पिसं नि रिबिनी. तरुण, देखण्या राणीला असल्या वेडेपणाची गरज नसते. लेकीने कळवलं, नटण्यामुरडण्याकडे माझं थोडं लक्ष असतं हे खरं. पण पिसं सगळ्याच लावतात, मी लावली नाहीत तर ते चमत्कारिक दिसेल. हे उत्तर मला तिच्या वयाचं वाटतं.

आणि या सगळ्यामागे एक गोष्ट होती, जिच्यावर युरोपभरचे दरबार कुजबुजत होते. लग्नाला सात वर्षं झाली तरी नवराबायकोत संबंध आलेला नव्हता. राजा लाजरा, शिकारीत आणि कुलपं बनवण्यात रमणारा, मनाने चांगला. पण बोल लागतो तो बाईलाच. मोकळी कूस, पत्त्यांचे डाव, रात्रीचे नाच, प्येति त्रियानोंचा छोटा महाल, रोझ बेर्तँचे पोशाख या सगळ्याचा पॅरिसच्या बाजारात एकच अर्थ लावला जात होता. १७७७ मध्ये तिचा थोरला भाऊ सम्राट योसेफ वेगळ्या नावाने आला आणि त्याने मेव्हण्याशी स्पष्ट बोलून घेतलं. (त्याच वर्षी सोळाव्या लुईच्या नावाने पत्रं घेऊन सेंट ल्युबँ नावाचा एक फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणविसांकडे आला होता आणि इंग्रजांच्या पोटात गोळा उठला होता. एकाच राजाचं घर आणि राजकारण मला असं एका वर्षात दिसलं, म्हणून सांगितलं.)

१९ डिसेंबर १७७८ ला मुलगी झाली. राणीचं बाळंतपण लोकांसमोर व्हायची रीत होती. खोलीत इतकी गर्दी घुसली की हवा कोंडून ती बेशुद्ध पडली आणि बंद केलेल्या खिडक्या जोर लावून उघडाव्या लागल्या. मुलगा १७८१ मध्ये झाला. हे ऐकायला आई नव्हती. ती नोव्हेंबर १७८० मध्ये गेली होती. लेकीच्या लग्नानंतर दोघींची एकदाही भेट झाली नाही. दहा वर्षं, सगळं पत्रांवर.

‘भाकरी नाही तर केक खा’ हे वाक्य तिने कधी म्हटलेलं नाही. रूसोने एका अनाम राजकन्येच्या तोंडचं तसं वाक्य लिहून ठेवलं तेव्हा ही व्हिएन्नात खेळत होती. खजिना तिच्या पिसांनी रिकामा केला हेही खरं नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी काढलेलं कर्ज, सरदार आणि चर्चला असलेल्या करसवलती, यांनी फ्रान्स पोखरला होता. १७८८ च्या हिशेबात सरकारचा निम्मा पैसा व्याजातच जात होता आणि दरबाराचा सगळा खर्च साधारण सहा टक्के होता. तरी मी तिला यातून सोडवत नाही. साधा मजूर दिवसाला वीस-तीस सू (तेव्हाचं फ्रेंच नाणं) कमावतो आणि चार पौंडांच्या पावाला आठ-नऊ सू पडतात, अशा दिवसांत राणीने खेळायला नकली खेडं बांधून घ्यावं, हे टोचतं. खेड्यात जायला तिच्या दारातून फार लांब जावं लागलं नसतं.

पण ज्या गोष्टीने तिचं नाव कायमचं बुडालं, त्यात तिचा हातच नव्हता. तिथे नुसती सही होती, आणि तीही खोटी.

बोमर आणि बासांज या जवाहिऱ्यांनी एक अवजड हार घडवला होता. ६४७ हिरे, किंमत १६ लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन). राणीने तो नाकारला. इकडे कार्दिनाल, म्हणजे चर्चचा बडा धर्माधिकारी झालेला रोहाँ, तोच स्ट्रासबर्गचा, राणीच्या मर्जीतून उतरला होता आणि ती परत मिळवायला तळमळत होता. जान द ला मॉत नावाच्या बाईने हे हेरलं. राणीची आणि माझी मैत्री आहे, असं सांगून तिने त्याला राणीची म्हणून पत्रं द्यायला सुरुवात केली. ती लिहायचा तिचा साथीदार. ऑगस्ट १७८४ मध्ये व्हर्सायच्या बागेत, अंधाऱ्या रात्री, राणीसारखी दिसणारी एक गरीब मुलगी उभी केली. कार्दिनाल तिच्यापुढे वाकला. फेब्रुवारी १७८५ मध्ये राणीसाठी म्हणून हार त्याच्या हवाली झाला आणि हिरे सुटे होऊन लंडनच्या बाजारात गेले.

त्या उन्हाळ्यात बोमरची कृतज्ञतेची चिठ्ठी राणीला आली. तिला काही उमगेना. हा जवाहिऱ्या खुळावलाय, असं समजून तिने ती मेणबत्तीवर धरून जाळली. मी ही हकिगत वाचते तेव्हा दर वेळी वाटतं, जरा थांब, पुन्हा वाच, कुणाला तरी विचार.

१५ ऑगस्टला पूजेची वस्त्रं ल्यालेल्या रोहाँला सगळ्या दरबारादेखत पकडलं. त्याने राणीच्या मंजुरीचा कागद दाखवला. खाली सही: ‘मारी आंत्वानेत द फ्रान्स’. राजा म्हणाला, राजघराण्यात वावरलेल्या माणसाला एवढंही कळू नये? राण्या फक्त आपलं नाव लिहितात, ‘द फ्रान्स’ कधीच नाही. ज्या सहीसाठी ती १४ व्या वर्षी धडपडली होती, तिची खूण इतकी सोपी होती आणि कुणी पाहिली नाही. ३१ मे १७८६ ला पॅरिसच्या न्यायालयाने कार्दिनालला निर्दोष सोडलं. बाहेर लोकांनी जल्लोष केला. निकालाचा अर्थ साधा होता: राणी रात्री बागेत परपुरुषाला भेटेल, असं एखाद्याला वाटलं तर त्यात त्याची चूक नाही. ती रडली. जान द ला मॉतला डागण्या दिल्या, ती तुरुंगातून निसटली आणि लंडनहून राणीविरुद्ध लिहीत राहिली. पुढे खजिन्यातल्या तुटीचं खापर फोडून राणीला ‘तुटीची बाई’ म्हणू लागले.

४ जून १७८९ ला थोरला मुलगा क्षयाने गेला. सात वर्षांचा. महिनाभरापूर्वी व्हर्सायमध्ये लोकप्रतिनिधींची सभा भरली होती आणि देश मतं कशी मोजायची यावर भांडत होता. पोराचं सुतक कुणाला जाणवलंही नाही.

पुढचं सगळं ठाऊक असतं. बास्तीयच्या तुरुंगावरचा हल्ला, ऑक्टोबरच्या पावसात पाव मागायला व्हर्सायवर चालून आलेल्या बायका, ट्युलरीच्या वाड्यातली नजरकैद, जून १७९१ मध्ये पळून जाताना व्हारेन गावात पकडलं जाणं. मी इथे थांबते ते तिच्या लिखाणापाशी, कारण आता ती खरंच लिहू लागली होती. सांकेतिक लिपीत, अदृश्य शाईने, रात्र रात्र. स्वीडनचा फेर्सन तिचा जिवलग. त्याला लिहिलेल्या पत्रांतल्या काही ओळी कुणीतरी शाईने गिचमिड करून झाकल्या होत्या. अलीकडे फ्रेंच अभिलेखागारात क्ष-किरणांनी शाईतले धातू वेगळे ओळखून त्यातल्या बऱ्याच ओळी वाचल्या. ‘लाडक्या’, ‘वेड्यासारखं प्रेम’ असे शब्द खालून वर आले. झाकणारा हात फेर्सनचाच निघाला. मला तेव्हा मोगरा आठवला.

त्याच हाताने तिने दुसरंही लिहिलं आहे. मार्च १७९२ मध्ये, युद्धाच्या तोंडावर, फ्रेंच सैन्याच्या हालचालींचा बेत तिने मर्सीला कळवला. ज्या देशाची ती राणी होती, त्याच देशाची पोरं त्या बेतापायी मरणार होती. हा द्रोह आहे. तिची भीती, तिची पोरं, तिच्यावरच्या घाणेरड्या पत्रकांचे ढीग, सगळं जमेस धरूनही मला याला दुसरा शब्द सापडत नाही. आणि खटल्यात नेमका हाच कागद कुणापाशी नव्हता.

खटल्यासाठी त्यांनी वेगळा कागद तयार केला. जानेवारी १७९३ मध्ये राजाला मारलं. ३ जुलैला तांप्लच्या कैदेत तिच्या आठ वर्षांच्या धाकट्या मुलाला तिच्यापासून ओढून नेलं आणि सिमों नावाच्या चांभाराच्या ताब्यात दिलं. ६ ऑक्टोबरला त्या मुलाकडून एक जबानी घेतली: आईने आणि आत्याने माझ्याशी नको ते केलं. त्या कागदावर मुलाची सही आहे, ‘लुई शार्ल कापे’. अक्षरं थरथरलेली, एकमेकांवर आदळलेली. त्याच्या आईच्या लग्नाच्या सहीशेजारी मी ती ठेवून पाहिली आणि पुढे बघवेना.

१४ ऑक्टोबरला न्यायासनापुढे क्रांतिकारी पत्रकार एबेरने हा आरोप उच्चारला. ती गप्प राहिली. उत्तर का देत नाहीस, असं पुन्हा विचारल्यावर ती म्हणाली, मी उत्तर दिलं नाही, कारण आईवरच्या असल्या आरोपाला उत्तर द्यायला निसर्गच तयार होत नाही. इथे ज्या ज्या आया असतील त्यांना मी विचारते. सभागृहात बसलेल्या बायका तिच्या मरणासाठीच जमल्या होत्या, आणि त्या चळवळल्या.

१६ तारखेच्या पहाटे निकाल लागला. साडेचारला कोंसिएर्जरीच्या कोठडीत तिने कागद मागितला आणि नणंदेला, एलिझाबेथला, पत्र लिहिलं. ही नणंद तांप्लमध्ये थोरल्या मुलीजवळ राहिली होती. मला शिक्षा झाली आहे ती लाजिरवाण्या मरणाची नाही, तुझ्या भावाकडे जाण्याची. मुलाने वडिलांचे शेवटचे शब्द विसरू नयेत, आमच्या मरणाचा सूड घ्यायला कधी पाहू नये. आणि मग त्या जबानीबद्दल: या पोराने तुला किती दुःख दिलं असेल ते मी जाणते. त्याला क्षमा कर, बाई. त्याचं वय बघ, आणि लहान मुलाच्या तोंडून हवं ते वदवून घेणं किती सोपं असतं ते बघ.

पेन्सिलीवर शाई फिरवणाऱ्या मुलीने हे लिहिलं आहे. सांगायला कुणी नाही, सूचना नाही, २१ तारखेची नियमावली नाही. ‘देवा, त्यांना कायमचं सोडून जाताना काळीज फाटतं’, असं म्हणून ती निरोप घेते, नंतर कुणा धर्मगुरूला आणलंच तर त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही असं लिहिते आणि तिथेच पत्र थांबतं. खाली तिची सही नाही. तिथे सरकारी वकील फूकिए-तँव्हिलची आणि मागाहून कागद हाताळणाऱ्यांच्या सह्या आहेत.

पत्र एलिझाबेथला मिळालं नाही. मे १७९४ मध्ये तिलाही गिलोटिनवर चढवलं. मुलगा जून १७९५ मध्ये कैदेतच गेला. पत्र क्रांतीचा पुढारी रोब्सपिएरच्या कागदांत होतं, त्याच्या पाडावानंतर एका प्रतिनिधीने ते स्वतःकडे दडवून ठेवलं आणि १८१६ मध्ये ते बाहेर आलं. तेव्हा तिच्या मुलांतली एकटी थोरली मुलगी उरली होती, मारी-तेरेझ, आजीच्या नावाची. पत्र तिच्या हाती आलं तेव्हा तिचं वय ३७ होतं. लिहिताना आईचंही तेवढंच होतं.